मागचे आवाज सोडून द्या

संपादकांचा फोन आला. "आजी, तुमच्या कामाबद्दल लिहा." मी विचारलं, "कुठल्या? भाकरीच्या की स्पॅनिशच्या?" ते म्हणाले, स्पॅनिशच्या, भाकरीवर लिहिणारे त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. आता आमंत्रण आलंच आहे तर सांगते. गेल्या वर्षापर्यंत मी अणदूरला आमच्या घरातल्या ज्वारीच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून, कुठल्या कुठल्या डोंगरातल्या माणसांचं स्पॅनिश बोलणं इंग्रजीत करत होते. आता ते काम बंद झालंय. यंत्र हुशार झालं, असं कंपनीनं कळवलं. झालं असेल. पोरं हुशार झाली की तीही असंच कळवतात.

स्पॅनिशच का, हे सगळेच विचारतात. उत्तर जरा लाजिरवाणं आहे. पुण्याला शिकायला गेले तेव्हा मला फ्रेंच शिकायचं होतं, कारण होस्टेलमधली सगळ्यात रुबाबदार मुलगी फ्रेंच शिकत होती. फ्रेंचचा वर्ग भरलेला. शेजारच्या वर्गात बाकं रिकामी दिसली, जाऊन बसले. वर्षभरानं सुट्टीला घरी आले आणि वडिलांसमोर स्पॅनिशमध्ये आकडे म्हणून दाखवले. वडील तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "छान. आता हे मोजायला काही मिळतंय का बघ."

मिळालं. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत दुभाषी म्हणून लागले. ऊस जिथं जिथं पिकतो तिथले पाहुणे यायचे आणि त्यातले बरेच स्पॅनिश बोलायचे. दुभाष्याचा पहिला नियम असा, की बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'हे असं म्हणतात की' असलं शेपूट लावायचं नाही. आपण तिथं नाहीच, असं समजायचं. मी नियम पाठ केला होता. माझ्या पहिल्या मोठ्या मेजवानीत एक पोक्त पाहुणे उठले, कारखान्याचं, यंत्रांचं, जेवणाचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले की मला माझ्या बायकोची फार आठवण येते. मी मैत्रिणीची उसनी इरकल नेसून, अंबाड्यावर गजरा माळून, खणखणीत इंग्रजीत जाहीर केलं, "आय मिस माय वाइफ टेरिबली." मोठ्या साहेबांचा चमचा वाटीच्या वरच थांबला. आणि मी येडी, टाळ्यांची वाट बघत उभी.

खोलीवर येऊन त्या पाहुण्यांना मी खूप हसले. पंधरवडाभर बायको नाही तर एवढं काय, बाप्या माणसानं! वय किती माझं, तर कुणाची आठवण यायला अजून कुणी गेलेलंच नव्हतं. त्या पोरीला आता कुठं गाठता आलं असतं तर गजरा सरळ केला असता आणि एक टपली दिली असती.

पुढं लग्न झालं, पुण्यातली नोकरी झाली, आणि आमचे हे मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांच्या गावी, अणदूरला येऊन राहिलो. शेत वाट्यानं दिलेलं. मला वाटलं स्पॅनिश आता गेलंच. पण इंटरनेट आलं आणि त्याच्यामागून हे काम आलं.

काम काय, ते सरळ सांगते. कुणी मोबाइलवर स्पॅनिश बोलून पाठवलं की ते ऑनलाइन यंत्रात टाकायचं. यंत्र ऐकून लिहून काढतं, लिहिलेलं इंग्रजीत करतं आणि ते इंग्रजी एका गुळगुळीत आवाजात वाचूनही दाखवतं. सगळं आपला चहा गाळून होईपर्यंत. मग माणूस कशाला? तर ज्यांना खात्री हवी असते ते थोडे जास्त पैसे भरून 'माणसाकडून तपासून द्या' हे बटण दाबतात. त्या बटणाच्या मागं मी होते.

मी मूळ आवाज ऐकायचा आणि यंत्र जिथं घसरलं असेल तिथलं इंग्रजी स्वतः बोलायचं. टाइप करायचं नाही, माईकमध्ये बोलायचं, यंत्र लिहून घेतं. स्वल्पविराम हवा तर 'कॉमा' म्हणायचं, वाक्य संपलं की 'फुलस्टॉप'. आमच्या घरी धुणंभांडी करायला महादेवी येते. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हीत तोंडाला कुलूप नाही. पहिल्या आठवड्यात ती दाराशी येऊन उभी राहिली.

"काकू, येक इचारू का? ह्यो फुलस्टॉप कोन ओ?"

"का गं?"

"न्हाय, सारखं त्येचंच नाव घेताव. काकांचं सुदिक येवढं घेत न्हाय."

हे बाहेर बसून ऐकत होते. त्या दिवसापासून ते मला चहा मागताना म्हणायचे, "फुलस्टॉपचं झालं असेल तर आमच्याकडंही बघा."

ज्वारीच्या खोलीचं कारण असं. यंत्राला आवाज स्वच्छ लागतो. हॉलमध्ये माझा आवाज घुमायचा, माडीवर मोर ओरडायचे, स्वयंपाकघरात कुकर. सगळं घर फिरून पाहिलं तर ज्वारीच्या खोलीत आवाज कापसात बोट खुपसावं तसा पडायचा. छतापर्यंत पोती, एक छोटी खिडकी, मध्ये माझं टेबल. बाहेरगावची माणसं स्टुडिओला लाखो रुपये घालतात म्हणे. आमचा स्टुडिओ मालदांडी ज्वारीचा होता. फक्त ज्वारी विकली की माझं इंग्रजी बिघडायचं. खोली रिकामी झाली की आवाज पुन्हा घुमायचा, मग हे घरातल्या सगळ्या गोधड्या दोरीवर टांगून ठेवायचे आणि दाराबाहेर खुर्ची टाकून काठी घेऊन बसायचे. शेळी आली, हुसकली. पोस्टमन आला, त्याला बोटानं गप्प केलं. त्यांना खोकल्याची सवय होती, ती मात्र हुसकता येत नसे. यंत्र त्यांचा खोकला 'मागचा आवाज' म्हणून ओळखायचं आणि माझ्या प्रत्येक फाइलमधून साफ काढून टाकायचं. तेव्हा मला यंत्राचं फार कौतुक होतं. हे गेल्यावर एकदा मी जुन्या सगळ्या फाइली लावून बसले. माझं इंग्रजी होतं, कॉमा होते, फुलस्टॉप होते. खोकला कुठंच नव्हता.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक नवरा-बायको होते. तो इंग्रजी, ती स्पॅनिश, मध्ये यंत्र, आणि संसार सुरू. ते दोघं भांडण झालं की भांडण तपासायला पाठवायचे. म्हणजे भांडण काल झालेलं, मिटलेलं, आणि आज मला विचारायचं की ती नेमकं काय म्हणाली होती. मी प्रामाणिकपणे तिच्या शिव्यांना तोलामोलाच्या शिव्या शोधायची. महादेवी भांडी घासता घासता विचारायची, "आज कोन जितलं?" एक पाद्री होते, मधमाश्या पाळायचे, माश्यांबद्दल बोलताना आवाज कुजबुजता करायचे, जणू माश्या ऐकतायत. यंत्र या सगळ्यांना एकाच आवाजात बोलवायचं. चिडलेला माणूस, रडणारी बाई, प्यालेला सासरा, सगळे इंग्रजीत आले की बँकेच्या फोनवर बोलल्यासारखे. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', त्या चालीवर.

आणि त्यात एक दिवस दोन्या एल्बिरा आल्या. नाव बदललंय, पण 'दोन्या' खरं आहे. थोरामोठ्या बाईच्या नावाआधी मानानं लावतात, जसं आपण नावापुढं बाई किंवा मावशी लावतो. मेक्सिकोच्या डोंगरातलं कुठलंसं गाव. त्यांचा मुलगा तरुणपणी कामासाठी उत्तरेला अमेरिकेत गेला, तिथंच लग्न केलं, तिथंच वारला. त्याचा मुलगा डॅनी, त्याला स्पॅनिश येत नव्हतं. बाप गेल्यावर त्यानं कुणाकुणाला विचारून आजीचा नंबर मिळवला. तो काहीतरी लिहून पाठवायचा, ते दुसऱ्या कुणाकडून स्पॅनिशमध्ये होऊन जायचं. आजी बोलून उत्तर द्यायची, ते माझ्याकडं यायचं. म्हणजे शेजारीण फोनवर बोलतेय आणि आपल्याला तिचीच बाजू ऐकू येतेय, तसं माझं वर्षभर चाललं होतं.

त्या बाईचा आवाज! उन्हात वाळवलेल्या मिरचीसारखा, जरा खरखरीत. डॅनीला त्या सगळं सांगायच्या. गुडघ्याचं, कोंबड्यांचं, पाण्याच्या पाळीवरून शेजारणीशी वाजलं त्याचं. तिथंही नळाला रोज पाणी येत नाही. एकदा बोलता बोलता "थांब, पाणी आलं" म्हणाल्या आणि फोन तसाच ठेवून पळाल्या. यंत्रानं पुढचं सगळं कापून टाकलं होतं, कारण त्यात शब्द नव्हते. मूळ फाइलमध्ये मी बसून ऐकलं. बादली भरल्याचा आवाज, दुसरी सरकवल्याचा, मग पिंपाचा. आमच्याकडं नळाला पाणी आलं की अगदी हेच आवाज होतात. पिंप भरत आलं की आवाज बारीक होत जातो, तो ऐकून मी इथं आपोआप उठून उभी राहिले, नळ बंद करायला.

महादेवीनं दारातून पाहिलं. "काय झालं ओ?"

"पिंप भरलं."

"कुनाचं?"

"मेक्सिकोच्या आजीचं."

"आन् आपलं रिकामंच हाय," ती म्हणाली आणि कळशी घेऊन गेली.

मग एक फाइल आली. डॅनीनं विचारलं असावं, की मी तुला भेटायला येऊ का? कारण दोन्या एल्बिरा सांगत होत्या: "कशाला येतोस बाळा? लांब पडतं. रस्ता वाईट आहे, बस लागते. तुझं काम आहे. इथं बघायला आहे काय? मी बरी आहे. येऊ नकोस."

यंत्रानं एक शब्द चुकवला नव्हता. तपासायला काही नव्हतंच. 'डू नॉट कम. आय ॲम फाइन,' असं त्या बँकेच्या आवाजात म्हणून ते मोकळं झालं होतं. मी 'बरोबर' हे बटण दाबलं असतं की काम संपलं असतं.

पण मी सवयीनं मूळ आवाज लावला. आणि मागं, त्या बोलत असतानाच, काहीतरी फरशीवर ओढत नेत असल्याचा आवाज. दोन पुरुष धापा टाकतायत. दोन्या एल्बिरा फोनपासून तोंड वळवून दबक्या आवाजात म्हणाल्या, "तिकडं नको, भिंतीपासून लांब घ्या. बापासारखा उंच असेल, पाय आपटतील." मग फोनकडं वळून, "इथं काय आहे बघायला." कुणीतरी विचारलं, पांघरूण कुठलं काढू? पुन्हा तोंड वळवून, "नवं. कपाटातलं." मग फोनवर, "मी बरी आहे. येऊ नकोस."

यंत्रानं मागचे आवाज म्हणून हे सगळं काढून टाकलं होतं. नियमच होता. बोलणारा ज्याच्याशी बोलतोय तेवढंच घ्यायचं. बाजूला कुणाशी काही बोलला तर ते त्याचं खासगी. नियम चुकीचा नाही. तुम्ही फोनवर असताना दाराशी आलेल्या बाईला काय बोललात, ते समोरच्याला कशाला?

माझ्या कामावर देखरेख करणारी मृणाल म्हणून एक मुलगी पुण्याच्या ऑफिसात होती. तिला मी मेसेज केला, की मागचं बोलणं घालू का? तिचं उत्तर: "मॅम, मागचे आवाज सोडून द्या. क्लायंटनं तेवढंच मागितलंय."

मी लिहिलं, "अगं, ती खाट हलवतेय."

"मॅम, पण ती नको म्हणतेय ना? क्लियर आहे."

मृणालचं वय तसं बोलायचंच. मी तिच्याएवढी होते तेव्हा मलाही सगळं क्लियर होतं. कुणी 'नको' म्हटलं की मी 'नको' लिहायची आणि छाती पुढं काढून फिरायची, की बघा, ना कमी ना जास्त.

महादेवी झाडू मारायला आली तेव्हा तिला सांगितलं. तिला स्पॅनिशही येत नाही आणि इंग्रजीही. झाडू न थांबवता म्हणाली, "म्हातारी खाट सारीत येऊ नको म्हनतीया? मंग बलावतीच हाय की ओ."

"पण ती तसं म्हणाली नाही ना त्याला."

"आता तोंडानं कशी म्हनंल? त्या पोराचा बा गेला तवा बलावली व्हती का हिला कुनी? आपुन होऊन कसं म्हनायचं, ये म्हनून? न्हाय आला तर?"

हे खरंच होतं, आणि माझी अडचण इथंच होती. त्या बाईनं मुद्दाम तोंड वळवलं होतं. दबक्या आवाजात बोलली होती. खाटेचं डॅनीला कळू नये, हीच तिची इच्छा. तिची लाज झाकायला तिनं जे केलं, ते मी उघडं करायचं? आणि पोरगा तरीही आला नाही तर? आज तिला असं समजता येईल की मीच नको म्हटलं म्हणून आला नाही. उद्या तेवढाही आडोसा राहणार नाही.

मला माझंच माहीत होतं. माझा निखिल बंगळुरूला असतो. दर सणाला फोन करतो, "आई, येऊ का गं?" आणि मी दर वेळी सांगते, कशाला, लांबचा प्रवास, रजा वाया घालवू नकोस, मी मजेत आहे. तो लहानपणापासून आज्ञाधारक. येत नाही. आमच्या गावचा खंडोबा बरा. तो थोडे दिवस नळदुर्गला जातो, पण जायच्या आधी दोन्ही गावांची माणसं बसून लेखी करार करतात, की देव अमुक दिवशी परत. देवाकडून लिहून घ्यायची आमच्यात हिंमत आहे. पोटच्या पोराला नुसतं 'ये' म्हणायची नाही.

शेवटी मी ते घातलं. माईक जवळ ओढला आणि दोन्या एल्बिरांच्या वाक्यांमध्ये, जिथं जिथं त्यांनी तोंड वळवलं होतं तिथं तिथं, कंस टाकून बोलले. कंस उघडा, मागं खाट सरकवण्याचा आवाज, बोलणारी बाजूच्या माणसाला सांगते, भिंतीपासून लांब घ्या, बापासारखा उंच असेल, कंस बंद. 'डू नॉट कम' तसंच ठेवलं. एक अक्षर माझ्या पदरचं घातलं नाही.

मृणालनं फाइल परत पाठवली. मी तशीच पुन्हा पाठवली. तिनं पुन्हा परत पाठवली आणि खाली लिहिलं, "मॅम, प्लीज." मी लिहिलं, "मृणाल, तुझी आई कुठं असते?" उत्तर आलं, "कोल्हापूरला. मॅम, मी ही फाइल बघितलेली नाही." आणि फाइल गेली.

त्यानंतर डॅनीच्या खात्यावरून काही येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बोलायचं थांबलं की का थांबलं, हे कळायची सोय नसते. पोरगा आजीकडं गेला म्हणून थांबला? की रागावला? की आजीच... मी मधमाश्यांचे पाद्री ऐकायची, भांडकुदळ जोडपं ऐकायची, पण कान त्या खरखरीत आवाजाकडं. ज्वारी नुकतीच विकली होती. खोली घुमत होती. गोधड्या मी एकटीनं टांगल्या, दोरी सैल बसली, आणि बोलता बोलता एक गोधडी अंगावर पडली. पडल्यावर मी उचललीच नाही. तशीच आत बसून राहिले.

त्याच दिवसांत निखिलचा फोन आला, "आई, दिवाळीला येऊ का?" मला चेव आला. म्हटलं, मेक्सिकोच्या म्हातारीला जमलं ते मला का जमू नये? महादेवीला खूण केली. ती अंगणात गादी काठीनं बडवायला लागली, दणादण. मी फोन त्या बाजूला धरून म्हणाले, "कशाला रे, बसला गर्दी असते, राहू दे." महादेवी आणखी जोरात. वर ओरडली, "काकू, निखिलदादाची गादी हाय न्हवं ही?"

निखिल म्हणाला, "बरं. नाही येत मग. तू काळजी घे."

मी विचारलं, "मागं काही ऐकू आलं का रे तुला?"

"नाही गं. तुझा आवाज एकदम क्लियर. तो नवीन फोन दिला ना तुला, तो मागचा सगळा आवाज कापतो. बेस्ट आहे."

महादेवी काठी टेकून विचारत होती, "आयकलं का दादानं?" मी म्हटलं, "ऐकलं." तिनं गादीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि गादी उचलून आत नेली.

आणि एका सकाळी डॅनीच्या खात्यावरून फाइल आली. लावली तर ताटांचा आवाज. तव्यावर काहीतरी चुरचुरतंय. आणि एक पुरुषी आवाज, तरुण, स्पॅनिशचे दोनचार शब्द खड्ड्यातनं सायकल नेल्यासारखे बोलत होता. डॅनी! वर्षभर ज्याचं नुसतं नाव वाचलं, तो. त्यानं आजीच्या टेबलावर फोन उघडा ठेवला होता, ती काय बोलते ते कळायला. आणि ती बोलत होती, बापरे, किती बोलत होती. कमी खातोस. आईनं काही शिकवलं नाही का. खाट एवढी सरकवली तरी पाय बाहेरच, एवढं कुणी वाढतं का. बापाची भुवई उचलून आणलीस, निदान नाक तरी आमचं आणायचंस. मी एका हातानं डोळे पुसत, दुसऱ्यानं हेडफोन दाबून, कॉमा आणि फुलस्टॉप टाकत तिच्या मागं धावत होते.

मग तिनं विचारलं, "माझं बोलणं तुला सांगतं कोण?"

डॅनीनं मोडकंतोडकं सांगितलं, की एक यंत्र आहे आणि एक माणूस आहे, खाटेचं त्या माणसानं कळवलं.

"माणूस नाही," दोन्या एल्बिरा म्हणाल्या. "बाई आहे. पुरुषाला खाटेचं ऐकू आलं नसतं."

खुर्ची सरकली. आवाज फोनच्या अगदी जवळ आला, इतका की मला त्यांचा श्वास ऐकू आला. म्हणाल्या, "काय गं चोंबडे. तूच ना ती? मी हळू बोलले होते." मी ज्वारीच्या खोलीत कान पकडून उभी राहायचीच बाकी होते. मग त्याच आवाजात, पण जरा खाली येऊन, त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

ते मला विचारलेलं होतं. इतक्या वर्षांत, इतक्या माणसांचं 'मी' बोलून झालं, त्यात मला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि उत्तर द्यायला वाट नाही; फाइल एकाच बाजूनं येते. माझं काम एवढंच, की ते इंग्रजीत करून डॅनीला द्यायचं. दिलं. "हॅव यू ईटन", आणि शेवटी 'क्वेश्चन मार्क', असं मोठ्यानं म्हटलं.

मग माईक बंद केला. आपल्यात कुणी जेवलीस का विचारलं की 'हो, झालं आत्ताच' म्हणायची रीत आहे, चूल पेटली नसली तरी. मीही तेच म्हणायला तोंड उघडलं. पण बाहेर आलं ते दुसरंच. मी म्हटलं, नाही हो, दोन्या एल्बिरा. अजून नाही. एकटीला घास जात नाही. मुलगा आला की जेवेन.

हे मी स्पॅनिशमध्ये म्हटलं. मराठीत मला ते आजवर जमलेलं नव्हतं. आज जमलं तेही लिहून, तोंडानं नाही. तेव्हा संपादकांना एक विनंती. या अंकाची एक प्रत बंगळुरूला पाठवावी, दिवाळीच्या जरा आधी पोचेल अशी. निखिल दिवाळी अंक वाचत नाही. सूनबाई वाचते, आणि तिला काही कळलं की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.